नकोला नकोच समजणारा ग्रह

दोन हजार सतरा साल होतं आणि मी अडुसष्ट वर्षांचा होतो. तनू म्हणते, लोकांच्या आत्मकथनात पोरपणाचं प्रकरण सुरुवातीला असते, तुम्ही ते शेवटाकडे काऊन टाकलं? याचं उत्तर सरळ आहे. जे जेव्हा आलं ते तेव्हा लिहिलं. चौथीतून उठलो तो दुसऱ्याच्या म्हशी राखायला गेलो. भंडाऱ्याकडचं गाव सोडून भिलाईला आलो तो मजुरीला लागलो, मजुरीतून स्टील प्लांटमध्ये क्रेनवर चढलो आणि रिटायर होऊन खाली उतरलो तोवर डोकं पांढरं झालं होतं. मधल्या काळात खेळायला कोणी बोलावलं नाही, आणि बोलावल्याशिवाय जाणाऱ्यातला मी नाही. म्हणून माझं पोरपण भिलाईतल्या कुरुदच्या घरात, कूलरच्या पुढ्यात, अडुसष्टाव्या वर्षी आलं. कोणाला हसायचं असेल त्यानं हसावं.

तनू म्हणजे माझ्या मोठ्या पोराची पोरगी. पोरगा आणि सून कोरब्याला, आणि ही जुनवानीकडच्या कॉलेजात इंजिनीयरिंग शिकायला म्हणून आमच्याकडे राहत होती. त्या उन्हाळ्यात दर रविवारी दुपारी ती आणि गल्लीतली तिची मैत्रीण रानू, दोघी जणी आमच्या समोरच्या खोलीत चटई टाकून, कागद पसरून, फासे टाकत बसत. फासा म्हणजे चौसरचा नाही. वीस तोंडांचा, काचेच्या खड्यासारखा, कुठून सरळ आणि कुठून उलटा ते समजू नये असा. दोघी जोरजोरात बोलत, किंचाळत, मध्येच गप्प होत. मी खाटेवर पेपर धरून बसत असे. त्या पेपरातली बातमी मला आजही सांगता येणार नाही.

एका रविवारी तनू म्हणाली, "आजोबा, खेलोगे?"

"नाही गं बाई, माझं का वय हाये?"

"अरे खेळा ना."

"नाही नाही, तुम्ही खेळा पोरी."

"प्लीज, आजोबा. एक आदमी कम है."

"बरं, तू एवढी म्हणते तर," असं म्हणून मी खाली बसलो. चष्मा आधीच पुसून ठेवला होता.

खेळ असा होता. एक जण दुनिया सांगतो, बाकीचे त्या दुनियेत काय करतात ते सांगतात. ते जमलं की फसलं, ते फासा ठरवतो. मोठा आकडा पडला तर जमलं. दुनिया सांगणारी तनू. ही दुनिया म्हणजे अंतराळ. आपण एका यानात बसलो आहोत, कोणी न पाहिलेल्या ग्रहांवर जातो आहोत, तिथं काय आहे ते पाहून घरी परत यायचं आहे. पट नाही, सोंगट्या नाहीत, जिंकणं-हारणं नाही. फक्त यान शाबूत राहिलं पाहिजे. मी म्हटलं, मला कॅप्टन करशील तर खेळतो. जन्मभर खालून कोणीतरी हात हलवायचा आणि मी वर बसून क्रेन हलवायचो. आता हात मी हलवीन.

यान म्हणून ठेवायला तनूजवळ काही नव्हतं. तेव्हा मी माळ्यावरून पोराचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल काढला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं असे चाकांचे बैल सजवून घरोघरी फिरवतात. माझ्या लहानपणी तो आमच्या घरी नव्हता. बैल पांढरा रंगवलेला, एक शिंग मोडलेलं. रानू म्हणाली, "ये तो एंटीना है." यानाचं नाव ढवळ्या पडलं आणि चार्ट पेपरवरच्या काळ्या आकाशात ढवळ्या चालू लागला. इंजिनाच्या आवाजासाठी तनू कूलर फुल करायची. उतरायचं झालं की बंद. घामाच्या धारा लागल्या की समजायचं, ग्रह आला.

पुढच्या रविवारी मी भाऊरावांना बोलावून आणलं. भाऊराव माझे जुने दोस्त, रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले, बोरसीला राहतात. त्यांना तनूनं यानाचा डॉक्टर केलं. तीन रविवार होता होता भाऊराव स्वतःला डॉक्टरच समजू लागले. माझ्या गुडघ्याला हात लावून "सूज हाये" म्हणायचे. पण जुनी सवय सुटली नव्हती. शिट्टी वाजवून हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय ढवळ्या हलू द्यायचे नाहीत. तनू म्हणायची, "भाऊआजोबा, स्पेस में गार्ड नहीं होता." भाऊराव म्हणायचे, "म्हणूनच तर कोणी परत येत नाही." झेंडी म्हणजे आमच्या घरचा हिरवा टॉवेल.

माझी कॅप्टनकी कशी होती, तर ताठ होती. पहिल्या ग्रहावर उतरलो. समोर दगडात कोरलेलं घर, घराला उंबरठा. तनूनं विचारलं, "आजोबा, क्या करते हो?"

"चपला काढतो."

"आजोबा, बाहर हवा नहीं है. स्पेस सूट के जूते हैं. नहीं उतार सकते."

"हवा नसली म्हणून का लोकाच्या घरात जोड्यानं शिरू? काढले म्हणून लिही."

फासा टाकला, दोन पडले. डाव्या पायाची बोटं गोठली. डॉक्टर भाऊरावांनी ती शेकून वाचवली आणि तेव्हापासून ते मला ते उपकार दर रविवारी ऐकवत. पण माझं आजही म्हणणं आहे की चूक तनूची. उंबरठा आहे म्हणून सांगायचं, आणि मग जोडे काढू नका म्हणायचं, हे बरोबर नाही.

आमची ही, म्हणजे कौसल्या, या सगळ्यात नव्हती. ती भिंतीला टेकून चिंच फोडत बसे. उन्हाळ्यात वर्षाची चिंच करून ठेवायची असते. एका बाजूला गर, एका बाजूला टरफलं आणि पुढ्यात चिंचोक्यांचा ढीग. त्यातलेच चिंचोके घेऊन तनूनं यानाचं इंधन केलं होतं. एका ग्रहावरून दुसऱ्यावर गेलं की एक चिंचोका काढून टाकायचा. ही चिंच फोडता फोडता सगळं ऐकायची. रानू आपल्या घरून ठेठरी आणायची, तळलेल्या बेसनाची, कुडुमकुडुम वाजणारी. ती खात आम्ही तारे पार करायचो, आणि ही मधूनच म्हणायची, "पुढं पुढं कायले जाता, आधी आलेल्या ठिकाणी नीट बघा नं." कॅप्टन असून मी ते कानाआड करायचो.

आता मुद्द्याचा रविवार. ढवळ्यामध्ये शेवटचा चिंचोका उरला होता आणि समोर एक नवा ग्रह आला. तनूनं सांगितलं की इथं इंधनाची तळी भरलेली आहेत आणि इथली एक राणी आहे. आतापर्यंत सगळ्या ग्रहांचे लोक तनू स्वतःच आवाज बदलून बोलायची. त्या दिवशी तिचा गळा बसला होता. ती वळून म्हणाली, "आजी, तू बन ना रानी."

"मले का येते त्यातलं?"

"कुछ नहीं करना. जैसी हो वैसी. बस एक बात याद रख. इस ग्रह के लोगों को झूठ मालूम ही नहीं. सामने वाला जो बोले, वही सच मानते हैं."

हिनं हातातली चिंच खाली ठेवली. "म्हंजे कोणी नाही म्हटलं, तर थे नाहीच समजाचं?"

"हाँ."

"एकदा म्हटलं तरी?"

"एक बार बोला, बस."

ही पदर सारखा करून म्हणाली, "मग येते मले."

आम्ही उतरलो. मी या वेळी जोडे काढले नाहीत, दारातच थांबलो. राणी म्हणाली, "या, बसा. दुरून आले दिसता. इंधन पायजे का तुमाले?" आणि चिंचोक्यांचा पूर्ण ढीग दोन्ही हातांनी पुढं सरकवला.

आता मी काय करणार? पहिल्यांदा कोणाच्या दारी गेलेला माणूस काय म्हणतो? मी म्हटलं, "नाही नाही, राहू द्या. आत्ताच भरून निघालो."

"बरं," राणी म्हणाली. आणि ढीग मागं ओढून घेतला.

भाऊरावांच्या हातातली ठेठरी तिथंच राहिली. रानूनं तोंडावर ओढणी दाबली. मी वाट पाहत बसलो. आमच्याकडे पाहुण्याचं पहिलं नको हे घराचं दार वाजवल्यासारखं असते. दार वाजवलं म्हणजे कोणी निघून जात नाही. यजमानानं दुसऱ्यांदा म्हणायचं, पाहुण्यानं दुसऱ्यांदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा यजमानानं ओरडायचं आणि मग पाहुण्यानं ताट पुढं करायचं. माझा बाप असाच जेवला, त्याचा बाप असाच जेवला. पण राणी पुन्हा चिंच फोडायला लागली होती.

मी खाकरलो. "तसा आमचा ढवळ्या दमून गेला हाये बापा."

"बसू द्या मग. जागा लय हाये."

"तुमच्याकडं इंधन बरंच दिसते."

"हो. बरंच हाये."

"गेल्या बारीला असंच एका ग्रहावर, नको म्हणता म्हणता लोकांनी टाकीच भरून दिली होती."

"चांगले लोक असतील," राणी म्हणाली.

भाऊरावांना राहवेना. "अरे माग नं गा डोमाजी! सरळ माग!"

"मी मागत नसतो," मी म्हटलं.

"तुझ्या पायाची बोटं मी शेकली, ती काय इथं मरून पडाले?"

"डॉक्टरनं कॅप्टनले शिकवू नये."

तनूनं घसा खाकरून सांगितलं की ढवळ्यातली हवा पुढच्या रविवारपर्यंत पुरेल. तोवर इंधन मिळालं नाही तर ढवळ्या आणि आतले सगळे संपले. तिची परीक्षा जवळ आली होती, त्यामुळे नवा खेळ मांडणार नाही, हा संपला तर संपलाच. मी म्हटलं, फासा टाकतो. ती म्हणाली, "मुँह से बोलने के लिए पासा नहीं लगता, आजोबा." आणि तिनं लाकडी बैल उलटा करून ठेवला. चाकं वर. ते मला बघवलं नाही. मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. दूर मालगाडी जात होती, तिचे डबे मोजत असल्यासारखं केलं.

मला वाटलं होतं, खेळ खोलीतच राहील. रात्री जेवायला बसलो. ही भाताचं भांडं घेऊन आली. "भात घेता?"

"नको."

"बरं." भांडं गेलं.

मी ताटावर हात धुवायचा थांबलो. वाटलं, आता येईल. स्वयंपाकघरातून झाकण ठेवल्याचा आवाज आला, मग नळाचा, मग दिवा बंद केल्याचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे. "अजून?" "राहू दे." राहिले. दुपारी आंब्याचा रस होता. रस! वाटीभर संपल्यावर तिनं विचारलं आणि माझ्या तोंडातून निघालंच. तोंड माझं, पण सवय बापाची. तनू आपला रस चाटून पुसून खात होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर हसली असती.

मंगळवारी की बुधवारी मी सायकल काढली आणि उन्हातान्हात बोरसी गाठली. भाऊरावांची सून मोठी गुणाची. मला पाहिल्याबरोबर म्हणाली, "काकाजी, जेवून घ्या. वांग्याची भाजी केली हाये."

"नाही वो बाई, जेवूनच निघालो."

"असं कसं, काकाजी, दोन घास..."

आतल्या खोलीतून भाऊरावांचा आवाज आला, "नको म्हणतात नं थे! राहू दे त्याईले! खोटं बोलत नाही डोमाजी!" मग स्वतः बाहेर आले, ढेकर दिला, आणि माझ्यासमोर खुर्चीत बसून रविवारपर्यंत डॉक्टर किती श्वास घेऊ शकतो याचा हिशेब सांगू लागले. मी पाणी पिऊन परत फिरलो. वांग्याच्या फोडणीचा वास सायकलीच्या मागं बराच दूर आला.

त्या दिवशी संध्याकाळी मी हिला म्हटलं, "पुरे झालं आता तुझं राणीपण."

ही पोळ्या लाटून राहिली होती. वळली नाही. म्हणाली, "लग्न झाल्यापासून तुमच्या नकोमागं धावून राहिली मी. तुम्ही नको म्हणाचं, मी घ्या म्हणाचं. तुम्ही पुन्हा नको म्हणाचं, मी भांडं धरून उभी. मग तुम्ही थोडा म्हणाचं, आन थोडा म्हंजे गंजभर, आख्खं भांडं. तवर माह्या ताटातलं गार. तुम्हाले का वाटलं, मले मजा येते? गुडघे दुखते माहे. या आठवड्यात मी पहिल्यांदा गरम जेवली."

मी रागावलो. रागावून न जेवता झोपलो. ते तर नाहीतरी चालूच होतं.

रविवार आला. कधी नव्हे ते भाऊराव वेळेच्या आधी आले, शिट्टी गळ्यात, पण झेंडी मागितली नाही. ढवळ्या चार्टवर उलटाच होता. कूलर बंद. राणी भिंतीला टेकून बसलेली, ढीग मागच्यापेक्षा मोठा झालेला. स्वयंपाकघरात तिनं काहीतरी करून झाकून ठेवलं होतं. मला वास येत होता, तळलेल्या डाळीच्या वड्यांचा. वडाभात. वर हिंगाची फोडणी तयार असणार, फक्त ओतायची बाकी. आजही मी सांगतो की असा वास सोडणं हे कोणत्याच खेळाच्या नियमात बसत नाही.

तनू हळू आवाजात म्हणाली, "हवा ख़तम हो रही है. कॅप्टन, क्या करते हो?"

मी म्हटलं, "डॉक्टरले पाठवतो."

राणी म्हणाली, "मी कॅप्टनशीच बोलते."

भाऊराव म्हणाले, "मले श्वास लागून राहिला." खरंच लागल्यासारखे करत होते. रानूनं त्यांना वारा घातला. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी त्या बैलाकडे पाहिलं. चाकं वर करून पडलेला. एक शिंग मोडलेला माझा ढवळ्या, आणि माझ्या एका शब्दावाचून मरायला टेकलेला. हा गेला तर पुढच्या रविवारी पुन्हा खाट आणि पेपर. मी क्रेनवर असताना लोखंडाचा रस उचलला आहे, सांडू न देता. पण तो एक शब्द तोंडातून काढायला मला जो जोर लागला, तसा तिथं कधी लागला नाही.

"पायजे," मी म्हटलं.

"काय पायजे?"

"इंधन."

"कोणाले?"

"मले. मले इंधन पायजे."

"किती?"

"थोडंसं."

राणीनं ढिगातून एक चिंचोका उचलला, पदरानं पुसला आणि माझ्या हातावर ठेवला.

भाऊराव उठून उभेच राहिले. "अरे भरून माग गा बैला! घरी जायचं हाये आमाले!"

"टाकी भरून पायजे!" मी ओरडलो. "काठोकाठ पायजे! आन भूक लागली हाये मले, वडाभात पायजे, फोडणी घालून पायजे, आन पहिल्यांदा वाढशील तेव्हाच भरून वाढ!"

मग राणी हसायला लागली. हसता हसता तिनं ओंजळी भरभरून चिंचोके ढवळ्याच्या अंगावर ओतले, इतके की चार्टवरचे तारे झाकले गेले. तनूनं बैल उभा केला आणि कूलर लावला. भाऊरावांनी टॉवेल हलवून अशी शिट्टी वाजवली की गल्लीतली कुत्री भुंकली. आणि राणी गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि फोडणीचा चर्र आवाज आला.

वडाभात मी किती खाल्ला ते लिहीत नाही. मध्ये एकदा तिनं विचारलं, "अजून?" मी म्हटलं, "हो." ती माझ्या कपाळाला हात लावून गेली, ताप आहे का पाहायला. मग तिनं आपलं ताट वाढून घेतलं आणि वाफ निघत असताना, आमच्या सगळ्यांसोबत, ढवळ्याच्या शेजारी बसून जेवली. हे लिहून राहिलो तेव्हा तो बैल टीव्हीवर उभा आहे. त्याच्या पोटाच्या खाचेत एक चिंचोका अजून अडकलेला आहे आणि मी तो काढू देत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. जन्मात पहिल्यांदा स्वतः चहा ठेवला. अद्रक जास्त पडलं, दूध उतू गेलं, गॅस पुसला. दोन कप भरले आणि ओट्यावर झाडत असलेल्या हिच्याजवळ नेऊन म्हटलं, "कौसल्या, चहा घेतेस का?"

ती एवढी दचकली की झाडू हातातून पडला. आणि लाजून, इतक्या वर्षांच्या सवयीनं, पटकन म्हणाली, "नको, राहू द्या."

म्हणाली आणि तिच्याच लक्षात आलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं.

"बरं," मी म्हटलं, आणि तिच्यासमोर उभा राहून, जीभ पोळत असताना, दोन्ही कप पिऊन टाकले.